परत आलेली वडी

बालीगंजात थंडी आली की आधी नाकाला कळतं. सकाळी रेल्वेच्या रुळांवर धुकं साचतं, घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर त्यात अडकून खालीच बसतो, आणि मग एक दिवस त्या धुरातून वाट काढत गुळाचा वास येतो. खजुरीच्या रसाचा नवा गूळ. खजुरी म्हणजे आपल्याकडची शिंदीच. माझी आई पुण्याहून पहिल्यांदा इथे आली तेव्हा मी मोठ्या कौतुकानं हा गूळ तिच्यापुढे ठेवला, तर तिनं बशी लांब सारली. "शिंदीचा? अगं, म्हणजे ताडीच की गं ही! आणि जावईबापूही खातात?" जावईबापू खात होतेच, बोटं चाटून खात होते. आठवडा उलटायच्या आत आईही खायला लागली, आणि जाताना दोन ढेपा ट्रंकेत साड्यांखाली लपवून घेऊन गेली.

आमची मिनू इथलीच. तिचा जन्म इथला, मैत्रिणी इथल्या, भांडणंही इथल्या बंगालीतलीच. गूळवाला गल्लीत शिरला की ती गॅलरीतून ओरडते, आणि मग माझ्यासाठी मेहेरबानी म्हणून मराठीत सांगते, "आई, गूळ आली!" मी दुरुस्त करते, ती विसरते, गूळ घरात येतो. दर वर्षी हे असंच चालतं. आणि दर वर्षी मडक्याचं तोंड उघडलं की पहिल्या वासाबरोबर मी त्या जुन्या बागानबाडीच्या, म्हणजे बागेतल्या बंगल्याच्या, व्हरांड्यात जाऊन बसते.

खरं तर ती थंडी आनंदानं आठवावी अशी नव्हती. फाळणीला तीनेक वर्षं झाली होती, पण सीमेपलीकडून माणसं येतच होती. सियालदा स्टेशनात पाय ठेवायला जागा नसे. फलाटावरच चुली, फलाटावरच बाळंतपणं. कुणाची बायको हरवलेली, कुणाचा बाप, कुणाची सगळी वाडीच. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही कुणी मला विचारलं, तुझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची थंडी कुठली, तर मी तीच सांगेन. ह्याची मला लाज वाटत नाही.

लग्न होऊन मी नुकतीच इथे आले होते. ह्यांची सरकारी हिशेब खात्यात बदली झाली होती. दिवसभर घरात बसून मी खिडकीचे गज मोजायची तेवढी बाकी होते. एका शुक्रवारी वेणूताई हळदीकुंकवाला म्हणून आल्या आणि जाताना मलाच उचलून निर्वासितांच्या एका केंद्रात घेऊन गेल्या. "घरी बसून काय करतेस? चल, हात हवे आहेत," एवढंच म्हणाल्या.

वेणूताई बागबाजारच्या. दोनेक पिढ्यांपूर्वी त्यांचे सासरे की आजेसासरे इकडे आले ते परत गेलेच नाहीत. मराठी अगदी स्वच्छ बोलत, मात्र रागावल्या की थेट बंगालीत जात, त्यामुळे त्यांच्या रागाचा पारा भाषेवरून कळे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीनं इथल्या लोकांनी कधीकाळी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, तो त्यांच्याच भागातून सुरू व्हायचा. "आमच्या भीतीनं ह्यांनी खंदक खणला," त्या म्हणायच्या, "आणि आम्ही त्याच्यावरच घर बांधून राहिलो! म्हण आता काय म्हणतेस ते." उंच, रुंद, नऊवारीचा काष्टा कसलेल्या. अशा त्या फाटकातून आत आल्या की केंद्रातल्या म्हाताऱ्या हसून एकमेकींना सांगत, "बर्गी आली, बर्गी आली." बर्गी म्हणजे लुटायला येणारा मराठा स्वार. वेणूताईंना हे नाव फार आवडायचं.

आमचं केंद्र म्हणजे बालीगंज स्टेशनाच्या पलीकडची एका जमीनदाराची बंद पडलेली बागानबाडी होती. घरच्या माणसांपासून ताटातूट झालेल्या बायका आणि मुलं तिथे राहत. आमच्या वाट्याला काम आलं होतं ते डब्यांचं. त्या गडबडीच्या दिवसांत नदीवर, स्टेशनांवर, सीमेवर बरीच माणसं धरली गेली होती आणि पलीकडच्या तुरुंगांत अडकून पडली होती. आमच्या संस्थेचे दत्तबाबू, शाळेतून निवृत्त झालेले एक शांत गृहस्थ, परवानगी काढून तिकडे जात आणि त्यांच्यासाठी कपडे आणि सुका खाऊ देऊन येत. सामान फाटकाशीच द्यायचं. आत जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, चिठ्ठीचपाटी चालायची नाही. कोण आत आहे आणि कोण नाही हेही धड कळत नसे. दत्तबाबू विचारायचे, उत्तर मिळायचं, चौकशी चालू आहे. मग ज्याच्याबद्दल नुसता संशय असेल त्याच्याही नावानं एक डबा जायचा.

डबे आमच्या घरचेच होते. बार्लीचे, बिस्किटांचे, हिंगाचे. आणि ते परत आलेच पाहिजेत, हा वेणूताईंचा कायदा. दत्तबाबूंना त्या स्पष्ट सांगायच्या, "माणसं आणा न आणा, माझे डबे आणा." दत्तबाबू बिचारे पोत्यात घालून रिकामे डबे परत आणत. ते आले की वेणूताई एकेक उघडून बघत आणि कपाळाला आठी घालत. आपल्याकडे शेजारणीचा डबा कधी रिकामा परत करतात का? चिमूटभर साखर तरी घालतात. "एवढे डबे गेले, एकात चार दाणे नाहीत!" मी म्हणायची, "अहो वेणूताई, तुरुंग आहे तो. तिथे साखर कुठली?" त्या म्हणायच्या, "ते मला कळतं गं. पण हाताला रिकामा लागतो ना डबा."

ह्या व्हरांड्यातच मला शेफाली भेटली. माझ्याच वयाची, सावळी, बोलकी. बारिसालकडच्या एका खेड्यातली. तिचा नवरा निताई नावा बांधायचा. गावातून निघताना त्यानं आईला आणि बायकोला एका नावेत चढवलं, मागून येतो म्हणाला, आणि मग घाटावर धरपकड झाली. त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. बरोबर होती ती म्हातारी सासू, निताईची आई. तिला सगळे ठाकूमा म्हणत, म्हणजे आजी. मोतीबिंदूनं तिला जवळजवळ दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं, नको ते जरा जास्तच.

हरवलेल्या माणसाची खूण सांगा, असं दत्तबाबू सगळ्यांनाच विचारत. कुणी तीळ सांगे, कुणी व्रण. शेफाली हसत सुटली. म्हणाली, "त्याची खूण तो खाईल त्यावर असते." निताईचा वरचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. लहानपणी खजुरीवर रसाचं मडकं चोरायला चढला आणि खाली आला तो दात देऊन आला. तेव्हापासून तो पेरू चावो की नारळाची वडी, दोन्हीकडे दातांचे खोल खड्डे आणि मधे एक बांध उभाच राही. नवी नवरी असताना शेफाली त्याच्या पानातला अर्धा पेरू उचलून सगळ्या जावांना दाखवायची, "बघा, नदी इकडून, नदी तिकडून, मधे आमचं शेत!" हे ऐकून आम्हीही हसलो. दत्तबाबूंनी मात्र चष्मा वर करून विचारलं, "आता हे मी तुरुंगाच्या फाटकावर कसं सांगू?"

हसणं खरं होतं आणि त्याच्याखालचं भयही खरं होतं. ठाकूमानं ठरवून टाकलं होतं. माघ संपायच्या आत निताईची खबर आली नाही तर त्याचे दिवस घालायचे. तिचं म्हणणं सरळ होतं. "तो गेला असेल तर तहानलेला फिरत असेल. मी त्याची आई. त्याला पाणी नको द्यायला?" ती कठोर नव्हती. तिला आता वाट बघणं सोसत नव्हतं, एवढंच. आणि दिवस घातले की शेफालीच्या हातातल्या शंखाच्या बांगड्या उतरणार, भांगातला सिंदूर पुसला जाणार, अंगावर पांढरं येणार. शेफाली सासूला उलट बोलत नसे. मला मात्र एकदा लोकर गुंडाळताना म्हणाली, "दीदी, तो मागून येतो म्हणालाय. आणि आल्यावर दारात पांढरी साडी दिसली तर त्याला वाटेल, आईच्या शेजारी ही दुसरी म्हातारी कोण?" असं म्हणून ती स्वतःच हसली. मला रडू आलं आणि लोकरीचा गुंता झाला.

मार्गशीर्षात निताईच्या नावानं पहिला डबा गेला. शेफालीनं स्वतः मुरमुऱ्यांचे लाडू वळले, त्याला आवडतात तसे, आल्याचा वास लावून. डबा परत आला तो रिकामा, घासून पुसून लख्ख. आम्ही टाळ्या पिटल्या. खाल्ले! आहे तो! शेफालीनं डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि हळूच म्हणाली, "लाडू काय, कुणीही खाईल." ते खरंच होतं. आत एवढी भुकेली माणसं, एखाद्या नसलेल्या माणसाच्या नावाचा डबा थोडाच भरलेला परत येणार?

पण ते दिवस मला रडके म्हणून आठवत नाहीत. आठवते ती व्हरांड्यातली तिरपी उन्हं, संत्र्यांच्या सालींचा वास, आणि विणायच्या सुयांची टकटक. स्वेटर कुणाच्या मापाचा करायचा हे माहीत नसे, तेव्हा ज्या बाईचा माणूस असेल ती आपल्या अंगावर हात ठेवून सांगे, त्याची हनुवटी माझ्या इथे यायची. मग आम्ही त्या हाताच्या हिशेबानं टाके घालायचो. एकीनं सांगितलेल्या मापानं एवढा मोठा स्वेटर झाला की वेणूताई म्हणाल्या, "अगं, तुझा नवरा आहे की तंबू?" ती बाई लाजून लाल झाली. मी इतकी कधी हसले नव्हते, माहेरीसुद्धा नाही.

मग संक्रांत आली. आपली संक्रांत आणि त्यांची पौष संक्रांत एकाच दिवशी. वेणूताईंनी जाहीर केलं, ह्या खेपेला सगळ्या डब्यांत तिळगूळ जाणार. ह्यावरून रणच माजलं. त्या बायका म्हणाल्या, तिळाचे नाडू करू, म्हणजे लाडू, मऊ, खोबरं घालून. वेणूताई म्हणाल्या, वडी, दाण्याचं कूट घालून. ठाकूमा कोपऱ्यातून म्हणाली, "बर्गीचं लुटून झालं, आता आमचा तीळही वाकडा करणार." लग्नाची मोठी कढई उसनी आणली होती, भट्टी पेटवली होती, खजुरीचा गूळ रटरटत होता, आणि कढईच्या दोन्ही बाजूंना दोन प्रांत हातवारे करून भांडत होते. मी म्हटलं, "वेणूताई, पाक..." त्या गरजल्या, "पाक मला शिकवू नकोस!" हे त्या बंगालीत म्हणाल्या, तेव्हा मी गप्प बसले.

पाक पुढे गेला होता. वड्या थापल्या तेव्हा त्या चांभाराच्या चामड्यासारख्या चिवट होत्या, आणि दुसऱ्या दिवशी थंडीनं आळल्या त्या पार दगड. मी एक जमिनीवर टाकून पाहिली. वडी शाबूत राहिली, फरशीचा कोपरा उडाला. गोड बोला म्हणून द्यायची ती वडी माणसाला तोंडच उघडू देईना. पण तीळ संपले होते, गूळ संपला होता, आणि दत्तबाबू फाटकाशी उभे होते. वेणूताई म्हणाल्या, "बंद करा डबे. तुरुंगात माणसाला वेळ भरपूर असतो."

पौष सरला, माघ लागला. ठाकूमानं भटजींना विचारून तिथी काढली. शेफालीचं हसणं त्या दिवसांत थांबलं. ती बांगड्या पदराखाली धरून बसू लागली, कुणी हिसकावून नेईल अशी. मी रोज जाऊन तिच्याजवळ बसत होते.

त्या तिथीच्या थोडं आधी दत्तबाबू पोतं घेऊन परतले. वेणूताई डबे उघडू लागल्या. रिकामा, रिकामा, रिकामा. मग एक डबा खडखडला. त्यांनी झाकण काढलं आणि चेहरा असा केला की मी समजले, आता बंगाली येणार. आत एक वडी होती. एक चावा घेतलेली.

"बघा!" त्या कडाडल्या. "बघा हे! चाखून परत पाठवली! माझ्या हातची वडी! अरे, नको होती तर टाकून द्यायची होती, उष्टी करून परत पाठवायची ही कुठली रीत?" त्यांनी ती वडी दोन बोटांत धरली आणि कावळ्यांना भिरकावायला हात वर केला.

तोवर शेफाली उठलीच होती. तिनं वेणूताईंचा तो वर गेलेला हात दोन्ही हातांनी धरला. वेणूताईंचा हात धरायची हिंमत त्या केंद्रात कुणाची नव्हती. वडी तिनं सोडवून घेतली, उन्हात धरली, आणि मलाही दिसलं. इकडे खोल खड्डा, तिकडे खोल खड्डा, आणि मधे बांध. नदी, शेत, नदी.

ती पळत गेली आणि तिनं ती वडी कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीच्या हातात ठेवली. ठाकूमा आधी चिडली, काय हा दगड म्हणून. मग तिचा अंगठा त्या चाव्यावरून फिरला. थांबला. परत फिरला, सावकाश, इकडून तिकडे. मग ती एकच शब्द बोलली.

"आछे."

आहे. आणि मग जो काही गोंधळ झाला तो मला नीट सांगता येणार नाही. कुणी शंख फुंकला, कुणी माझ्या गळ्यात पडलं, वेणूताई आपली वडी उष्टी परत आली म्हणून सगळ्यांना कौतुकानं दाखवत सुटल्या. भटजींना निरोप गेला, येऊ नका. दत्तबाबू पुढच्या खेपेला गेले ते आता विचारायला नव्हे, सांगायला गेले, की हा माणूस तुमच्याकडे आहे. दोन्हीकडची अडकलेली माणसं सोडायला सुरुवात झाली तेव्हा त्याचंही नाव निघालं.

फाल्गुनात एका सकाळी तो आला. शेफाली नळावर घागर भरत होती. तिनं मान वर केली, फाटकाशी दत्तबाबूंच्या मागे उभा असलेला दाढीवाला हाडकुळा माणूस पाहिला, आणि म्हणाली, "मागून येतो म्हणजे इतक्या मागून?" घागर भरून वाहत राहिली. तो नुसता हसत होता, त्या तुटक्या दातानं. ठाकूमानं त्याला जवळ बसवलं, त्याच्या तोंडात सरळ अंगठा घातला आणि दात चाचपून बघितला. तोंडात आईचा अंगठा असतानाच तो काहीतरी बोलू बघत होता, आणि आम्ही हसत होतो, रडत होतो.

चहा पिताना मी त्याला विचारलं. माझ्या मनात सगळं पक्कं होतं. म्हटलं, "लिहून पाठवता येत नव्हतं, म्हणून तुम्ही ही खूण पाठवलीत ना? काय डोकं चालवलंत!"

तो गोंधळला. "खूण? कसली खूण, दीदी?"

"ती चावलेली वडी."

तो शरमला. मान खाली घालून म्हणाला, "ती वडी... रागावू नका. पहिल्या वेळी लाडू आले ते सगळ्यांनी मिळून खाल्ले आणि डबा रिकामाच गेला. मला फार वाईट वाटलं. कुणाच्या घरचा डबा आणि आपण रिकामा परत करायचा? आईनं असं कधी शिकवलं नाही. म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं, काहीतरी ठेवायचंच. पण आमच्याकडे होतं काय? बाकीच्या वड्या आम्ही चोखून चोखून संपवल्या. माझी तेवढी राहिली होती. चावायला गेलो, पण दात आत रुतले नि वडी तुटेना. तीच ठेवली. उष्टी होती, पण रिकाम्यापेक्षा बरी."

वेणूताईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या तोंडून ना मराठी निघेना ना बंगाली. मग त्या उठल्या, ठाकूमासमोर जाऊन खाली बसल्या, तो भला मोठा देह वाकवून तिच्या पायांना हात लावला आणि म्हणाल्या, "वळण लावलंत हो मुलाला." ठाकूमानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बर्गी रडतेय."

आता ती माणसं जादवपूरच्या पुढे एका वसाहतीत राहतात. निताई दारंखिडक्या करतो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यानंच केली आहे. ती नावेसारखी जरा बाकदार आहे, पण पावसाचा थेंब आत येत नाही. शेफालीला दोन मुलं आहेत आणि ती अजून तितकीच बोलते. दर संक्रांतीला सगळे आमच्याकडे येतात. मधल्या वर्षांत माझा हात बसला होता, वड्या खुसखुशीत व्हायला लागल्या होत्या. निताईनं एक तोंडात टाकली, ती विरघळली, आणि तो इतका हिरमुसला की विचारू नका. "दीदी, ह्यात दात उमटत नाही." तेव्हापासून मी मुद्दाम वेणूताईंना बोलावते. कढईशी त्यांना कुणाशी तरी भांडायला लावते, आणि पाक पुढे जातो तो जातोच. मग निताई एक वडी चावतो आणि ठाकूमा तिच्यावरून अंगठा फिरवून बघते.

परवाही तसंच झालं. मिनूचा नुकताच पुढचा दात पडलाय. तिनं एक वडी दोन्ही हातांनी धरून जोर लावून चावली, खड्डे पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत लबाडी चमकली. निताईची वडी पाठीमागे लपवून तिनं आपली हळूच ठाकूमाच्या हातात सरकवली. म्हातारीला आता काहीच दिसत नाही, अंगठाही थरथरतो. तो खड्ड्यांवरून फिरला, मधल्या बांधावर आला आणि थांबला.

"ही नव्हे," ठाकूमा म्हणाली. "ही कुणा बर्गीच्या पोरीची."

मिनू खिदळत तिच्या मांडीत कोसळली. निताईनं मिनूच्या हातातून आपली वडी सोडवून पुढे केली. अंगठा परत फिरला, इकडून तिकडे, सावकाश, आणि ह्या वेळी मधेच कुठे अडला नाही.

"आछे," ती म्हणाली, आणि हात पुसून चहा मागितला.